तीन मतांचा सेंटर हाफ

म्हसू, तुझ्या शोकसभेला गर्दी झाली होती. शाळेचा हॉल भरला, व्हरांडा भरला आणि उरलेले लोक सायकली भिंतीला टेकवून खिडक्यांशी उभे राहिले. तू असतास तर दारातूनच मागे फिरला असतास. ही माणसं तुझ्यासाठी आलेली नाहीत हे तुला त्यांच्या इस्त्रीच्या कपड्यांवरूनच कळलं असतं. दिनकर बोलणार होता. दोन दिवस कापडबाजारात तेवढीच बातमी होती, की दिनकर मुंबईहून आलाय आणि शाळेत बोलणार आहे. कशाबद्दल बोलणार आहे, हे बऱ्याच जणांना हॉलमध्ये आल्यावर समजलं.

तुझा एकट्याचा फोटो कुणाकडेच निघाला नाही. शेवटी मिलच्या टीमचा एक जुना फोटो कुणाच्या तरी घरातून खिळ्यासकट उपटून आणला. त्यात तू मागच्या ओळीत डावीकडे अगदी टोकाला आहेस. झेंडूचा हार जाडजूड होता. तो फ्रेमवर असा बसला की बाकीचे दहा जण छान दिसत होते आणि तू तेवढा फुलांखाली गेलास. मी उठून हार सरळ केला. थोड्या वेळानं तो पुन्हा घसरला. दुसऱ्यांदा मी उठलो नाही. उठलो असतो तर लोकांना वाटलं असतं, मास्तर दिनकरच्या आड येतोय.

अध्यक्ष म्हणून एक वकीलसाहेब होते. त्यांनी आयुष्यात फुटबॉलची मॅच पाहिली असलीच तर ती मोटारीत बसून, डुलकी घेत पाहिली असणार. ते म्हणाले, दिनकररावांचा उजवा हात गेला. म्हणजे मेल्यावरसुद्धा तू त्याचाच एक अवयव. दुसऱ्या एका सद्गृहस्थांनी तुला उत्कृष्ट गोली म्हणून श्रद्धांजली वाहिली. त्यांना कुणी अडवलं नाही. मीही नाही.

मग दिनकर उठला. पहिली दोन वाक्यं तुझ्यावर बोलला आणि मग मुंबईच्या फायनलमधल्या आपल्या शेवटच्या मिनिटाच्या गोलावर आला. "तेवढ्यात चेंडू माझ्या पायात आला," असं म्हणाला. आला म्हणे. पोस्टानं आला असावा. तीन गोऱ्यांच्या मधून, ओल्या मैदानावर, बरोबर त्याच्या उजव्या पायाच्या पुढे वीतभर अंतरावर तो कुणी आणून ठेवला, हे त्या भरलेल्या हॉलमध्ये दोनच माणसांना माहीत होतं. एक बोलत होता आणि दुसरा, ती मॅच मुंबईला जाऊन पाहिलेला, भिंतीला टेकून ऐकत होता. गोलाची गोष्ट संपली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत, म्हसू.

मला कुणी बोलायला सांगितलं नाही. ते बरंच झालं. माझं तुझ्याशी बोलणं त्या लोकांसमोर व्हायचं नव्हतं.

तुला पहिल्यांदा पाहिलं ते भिंगारच्या छावणीत. दुसरी मोठी लढाई ऐन भरात होती, नगरात पलटणींचा सुळसुळाट झाला होता. तू जामखेडकडून पोट भरायला आलास आणि पलटणीच्या खेचरांच्या तबेल्यात लागलास. मी शाळा सुटल्यावर सायकलवरून घरी निघालो होतो. गोऱ्या शिपायांच्या खेळात एक गडी कमी पडला होता, म्हणून त्यांनी तुला तबेल्यातून ओढून आणलं होतं. अनवाणी, गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेला तू. हसण्यासाठीच त्यांनी तुला घेतलं असणार. पंधरा मिनिटांत हसणं थांबलं. चेंडू जिथे पडायचा तिथे तू आधीच उभा असायचास. पळताना दिसायचा नाहीस, उभा मात्र दिसायचास. मी सायकलवरून उतरलो आणि अंधुक होईपर्यंत तिथेच थांबलो.

आमच्या क्लबात तुला आणलं तेव्हा कमिटीतल्या मंडळींनी नाकं मुरडली. हा खेचरांना खरारा करणारा माणूस आपल्यात कसा, असं त्यांना तोंडानं म्हणायचं नव्हतं, म्हणून त्यांनी बुटांचं कारण काढलं. तुला बूट दिले. ते घालून तू दोन पावलं टाकलीस आणि काढून ठेवलेस. "मास्तर, ह्याच्यात मला जिमीन कळंना," म्हणालास. तेव्हापासून शेवटपर्यंत घोट्याला पट्टी बांधून अनवाणीच खेळलास.

दोन वर्षं मी तुझ्यामागे राइट बॅक होतो. गावात मला बरा फुलबॅक म्हणत. ही बरेपणाची गोष्ट आता सांगायला हरकत नाही. माझ्यापर्यंत चेंडू येतच नव्हता. समोरचा फॉरवर्ड तुझ्याशी झुंजून दमून माझ्याकडे यायचा, तेव्हा त्याला अडवायला शाळेतली फळापुसणीसुद्धा पुरली असती. मी हे कुणाला सांगितलं नाही. गुडघा गेल्यावर मी खेळ सोडला आणि गावच्या साप्ताहिकात मॅचच्या हकिगती लिहायला लागलो.

दिनकर तेव्हा कॉलेजात होता. उंच, कुरळ्या केसांचा, चांगल्या घरचा. त्याच्या शूटमध्ये ताकद होती, हे खोटं कशाला बोलू. गोलासमोर त्याचं डोकं थंड राहायचं. पण त्याला चेंडू आयता पायात लागायचा, जेवायला आणून ठेवलेल्या पाटासारखा. तो तू ठेवायचास. लोक त्याला पाहायला यायचे, आणि मी लोकांना हवं ते लिहायचो. 'दिनकरची विजेसारखी मुसंडी' हे शब्द माझे. शाळेतली पोरं ते निबंधात घालायची. तुझ्यावर मी जास्तीत जास्त काय लिहिलं असेल, तर 'हाफलाइनने आपले काम चोख बजावले'. हाफलाइनमध्ये तीन माणसं असतात, म्हणजे त्या एका वाक्यातही तुझा वाटा तिसऱ्या हिश्शाचा.

मुंबईच्या मिलवाल्यांचा माणूस दिनकरला न्यायला आला तेव्हा दिनकरनं अट घातली की म्हसूलाही घ्या. गावात त्याच्या या मोठेपणाचं केवढं कौतुक झालं. गरीब मित्राला विसरला नाही म्हणून. मी त्या माणसाला दिनकरच्या वाड्यावरून स्टेशनापर्यंत पोचवायला बरोबर होतो. त्यानं मला विचारलं, हा दुसरा कोण, असा काय मोठा आहे? मी सांगितलं, बरा आहे. हाच शब्द वापरला, बरा. तुम्हा दोघांची नावं मिलच्या हजेरीत चढली. दिनकरला कचेरीत टेबल मिळालं, तुला विणकाम खात्यात घातलं. दोघांनीही कामाला हात लावला नाही. खेळायचं, एवढीच तुमची नोकरी. दिनकरचे फोटो परळच्या पानपट्ट्यांवर लागले, केसाच्या तेलाच्या जाहिरातीत त्याचा चेहरा आला. तुझं नाव मुंबईचे पेपर दर वेळी वेगळं छापायचे. कधी मासू, कधी महेश, एकदा तर मूसा. तू ती कात्रणं मला पाठवायचास, गंमत म्हणून. मला त्यात गंमत दिसली नाही.

मग ते मतदान आलं. लढाई संपल्यानंतरच्या दिवाळीत तुमची टीम नगरला दोन सामने खेळायला येणार होती. आमच्या संपादकांना खप वाढवायचा होता. त्यांनी 'नगरचा लाडका खेळाडू' अशी टूम काढली. अंकातलं कुपन कापायचं, नाव लिहायचं आणि पहिल्या सामन्यानंतर शाळेत आणून टाकायचं. मोजायचं काम माझ्याकडे. ड्रॉइंगच्या वर्गात टेबलं जोडून मी आणि एक शिक्षक बसलो. दिनकरच्या कुपनांचं पोतं झालं. गोलीला टोपलीभर पडली, तो हवेत आडवा होतो म्हणून. लेफ्ट विंगवाल्याला पडली, तो पंजाबी होता आणि गावानं पंजाबी कमी पाहिले होते. जो राखीव म्हणून नुसता बाकावर बसून असायचा आणि मध्यंतरात लिंबं वाटायचा, त्यालासुद्धा एक ढीग, कारण तो दिसायला गोरागोमटा होता. तुझी तीन. आम्ही पोतं पुन्हा उपसून पाहिलं. तीनच.

एक भिंगारच्या न्हाव्याचं होतं. एकावर देणाऱ्याचं नाव नव्हतं. तिसरं इंग्रजीत होतं, गोऱ्या पलटणीच्या सेंटर फॉरवर्डचं, ज्याला तू तीन वर्षं एकही मोकळा चेंडू दिला नव्हतास. त्यानं कुपनाच्या कडेला लिहिलं होतं की याच्याविरुद्ध पुन्हा कधी खेळायला लागू नये.

चौथं माझं असायला हवं होतं. मोजणाऱ्यानं मत देऊ नये असं मी स्वतःला सांगितलं होतं. किती नेक वाटतं ना? खरी गोष्ट अशी की मत द्यावं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळीवाड्याच्या वेशीजवळच्या हॉटेलात मी तुला ते सांगितलं. तू बशीत चहा ओतत होतास. मला वाटलं होतं तुझा चेहरा पडेल. तू म्हणालास, "तीन हायेत व्हय? कोन कोन?" मी सांगितलं. गोऱ्याचं नाव ऐकल्यावर तू असा खुश झालास की बशी खाली ठेवलीस. मला तुझी चीड आली, म्हसू. त्या दिवशी तर मला तू सगळ्या गावाहून जास्त बावळट वाटलास.

"तुला राग कसा येत नाही?" मी विचारलं.

"कशाचा?"

"तुझ्या जिवावर तो मोठा झाला."

"माझ्या जिवावर कसा? गोल तर त्योच मारतो."

मग मी तुला अर्धा तास सुनावलं. लोकांना पळणारा माणूस दिसतो, उभा असलेला दिसत नाही. तू मेलास तरी कुणाला पत्ता लागणार नाही. उद्याच्या मॅचमध्ये एकदा, फक्त एकदा, चेंडू कुणाला न देता स्वतः ने. दिसू दे त्यांना. तू ऐकत होतास. मी मास्तर, चार बुकं शिकलेला, तुला तबेल्यातून काढलेला. माझं ऐकायचं ही तुझी सवय होती. शेवटी एवढंच म्हणालास, "मी चेंडू घिऊन गेलो तर माझी जागा कोन राखनार?"

"एकदा राहू दे मोकळी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पलटणीच्या टीमशी बरोबरी होती आणि खेळ संपत आला होता. तुझ्याकडे चेंडू आला. उजवीकडे दिनकर मोकळा होता, हात वर करून उभा. तू त्याच्याकडे पाहिलंस आणि दिला नाहीस. मी रेषेबाहेर खुर्चीत वही घेऊन बसलो होतो. तू पहिल्याला चुकवलंस, दुसऱ्याला चुकवलंस. तिसऱ्यानं चेंडू काढून घेतला आणि तुझ्या त्या मोकळ्या जागेतून सरळ पुढे मारला. तुला मत देणारा तोच गोरा तिथून धावला आणि गोल झाला.

तुझं नाव मैदानावर मी इतक्या मोठ्यानं एकदाच ऐकलं. त्याला जोडलेली शिवी इथे लिहीत नाही. दिनकरनं दोन्ही हात कमरेवर ठेवून प्रेक्षकांकडे पाहिलं आणि मान हलवली. बस, तेवढंच केलं त्यानं, आणि तेवढ्यानं सगळं मैदान तुझ्यावर धावून आलं. लिंबाच्या फोडी फेकल्या लोकांनी तुझ्यावर. तू खाली मान घालून जागेवर परत आलास आणि उरलेली मिनिटं नेहमीसारखा खेळलास.

मी घरी जाऊन हकिगत लिहिली. संपादक म्हणाले, लोक चिडलेत, पराभवाचं कारण स्पष्ट आलं पाहिजे. मी लिहिलं, 'म्हसूच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे'. कुणाच्या सांगण्यावरून तू ते केलंस हे लिहिलं नाही. इतक्या वर्षांत तुझं नाव मी एकट्याचं असं पहिल्यांदाच छापलं, आणि त्या वेळी शुद्धलेखनाची एकही चूक झाली नाही.

त्यानंतर तू कात्रणं पाठवणं बंद केलंस. वर्षभर आपलं बोलणं नव्हतं. मी पत्र टाकायला हवं होतं. दर रविवारी मनात यायचं आणि दर रविवारी मी स्वतःची समजूत घालायचो की तू विसरला असशील.

यंदा शाळेच्या इमारतीसाठी सामना ठरला. कमिटीला दिनकर हवा होता. दिनकरनं कळवलं, म्हसू असेल तर येतो. म्हणून कमिटीनं मला तुझ्याकडे पत्र टाकायला लावलं. तुला मी काय लिहिलं ते आठवतंय ना? 'शाळेसाठी ये.' मागच्या गोष्टीचा एक शब्द नाही. तू त्या वेळी सुट्टीवर गावी होतास, बायको बाळंत झाली होती. तरी आलास.

मैदानावर चुन्याच्या रेषेशी तू माझ्याजवळ थांबलास. "ह्या टायमाला काय सांगनार न्हाई का, मास्तर?" म्हणालास. तोंडावर हसू होतं. मी म्हणालो, नाही, तुझा तू खेळ. "बरं झालं," म्हणालास आणि आत गेलास. आपलं शेवटचं धड बोलणं ते. माफी मागायला मला याहून सोयीची जागा मिळाली नसती. मी वहीची पानं चाळत बसलो.

ते मैदान तुला माहीतच होतं. लढाईत तिथे खेचरं बांधत असत, मातीत वर्षानुवर्षांची लीद मुरलेली. मध्यंतराच्या आधी दिनकरचा पाय तुझ्या पायावर पडला. त्याच्या बुटाच्या तळाचा खिळा बाहेर आला होता. सकाळीच मोच्यानं त्याला सांगितलं होतं की बूट ठेवून जा, पण भोवती सह्या घेणारे जमले होते. तुझ्या पायाला दोन बोटं लांब जखम झाली. तू त्यावर चिमूटभर माती दाबलीस, पट्टी खाली ओढून बांधलीस आणि खेळत राहिलास. दिनकरनं दोन गोल मारले. दोन्ही तू दिलेल्या चेंडूवर. मिरवणूक निघाली. तू त्याच संध्याकाळच्या मोटारीनं गावी गेलास.

नवव्या दिवशी तुझा भाऊ तुला नगरच्या दवाखान्यात घेऊन आला. जबडा मिटला होता. धनुर्वात. डॉक्टर म्हणाले, सुई पहिल्याच दिवशी टोचायला हवी होती. तुला मागच्या खोलीत ठेवलं, खिडकीला घोंगडी लावली. नर्सबाईंनी सांगितलं की उजेड नको, धक्का नको, आवाज तर अजिबात नको. जरा भांडं वाजलं तरी तुझं अंग धनुष्यासारखं ताणायचं. मी चपला बाहेर काढून दाराशी बसलो होतो. तू शुद्धीत होतास, डोळे उघडे होते. मला पाहिलंस. मी एवढंच म्हणालो, "मी आहे." बाकीचं मोठ्यानं बोलायची सोय नव्हती, आणि हळू आवाजात बोलायचं धैर्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिनकर मुंबईहून आला. स्टेशनापासून लोक त्याच्या टांग्यामागे लागले. मित्राला भेटायला धावत आला म्हणून त्यांना गहिवर आला होता. पन्नास-साठ जण दवाखान्याच्या आवारात शिरले आणि त्यांनी जयजयकार सुरू केला. दिनकररावांचा विजय असो. तुझ्या खिडकीखाली, म्हसू. पहिल्या आरोळीला तुझी पाठ गादीवरून उचलली गेली. टाच आणि डोकं, एवढंच टेकलेलं. दुसऱ्या आरोळीला पुन्हा. तुझे दात करकरत होते ते मला दाराबाहेर ऐकू येत होतं. तुझ्या भावानं तुझे कान दाबून धरले. नर्सबाई धावत आवारात गेल्या आणि हात जोडून गप्प राहा म्हणाल्या. लोकांना वाटलं, बाई दिनकरला नमस्कार करतायत. त्यांनी आणखी मोठ्यानं जय म्हटलं.

मी बाहेर जाऊन समोर दिसला त्याच्या थोबाडीत मारली. तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. तेव्हा कुठे शांत झालं. त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, तू गेलास. आरोळ्यांनी गेलास असं डॉक्टर म्हणत नाहीत. ते म्हणतात, एरवीही आशा नव्हती. मी डॉक्टरांचं ऐकून घेतलं.

शोकसभेनंतर दोन दिवसांनी दिनकर माझ्या घरी आला, एकटा. टोपी हातात, डोळे सुजलेले. तो खिळा आपल्याला माहीत होता असं म्हणाला. मग म्हणाला, "मास्तर, मला रोज माहीत होतं. चेंडू कुठून येतो ते." मी विचारलं, मग हॉलमध्ये का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "लोक मला ऐकायला आले होते." हे त्यानं लाजेनं सांगितलं, गुर्मीनं नाही, हे तुला कळवतो, कारण तू नक्की विचारलं असतंस. मी त्याला चहा विचारला नाही. तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यानं जे कबूल केलं तेवढंसुद्धा मी अजून कुणापाशी केलेलं नव्हतं.

मिलमधून तुझी ट्रंक माझ्या पत्त्यावर आली. दोन जर्स्या, पट्ट्या, एक कंगवा, आणि त्या मतदानातलं गोऱ्याचं कुपन. ते तू माझ्याकडून कधी मागून घेतलंस ते मला आठवतही नव्हतं. मी ट्रंक घेऊन जामखेडच्या मोटारीत बसलो. वाटेत निजामाची हद्द लागते. नाक्यावरच्या शिपायानं ट्रंक उघडायला लावली. हे कुणाचं, म्हणून विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, कोण तो? आणि झाकण लावलं. मनात म्हटलं, हा शिपाई नगरकर शोभला असता.

तुझ्या गावाला मी पहिल्यांदाच आलो. तुझ्या घरच्या, तुळसावहिनी, ओसरीवर बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना बाळंतपणाचं सुवेर असल्यानं नगरला येता आलं नव्हतं. तुझ्या भावानं ट्रंक आत नेली. मी आपण कोण ते सांगितलं. शाळेत शिकवतो, म्हसूबरोबर खेळायचो, आणि खेळाचं छापून येतं ते लिहितो. त्यांनी बाळाचं दुपटं नीट केलं. मग म्हणाल्या, "मास्तर, एक ईचारू का? त्यांचं तिथं काम काय हुतं? मला कधी कळलंच न्हाई. ईचारलं तर हसायचे."

इतकी वर्षं मी फुटबॉलवर लिहिलं आणि त्या बाईला सांगायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. सेंटर हाफ म्हणून काय कळणार? मी अंगणातून अकरा खडे उचलले आणि ओसरीवर मांडले. हा गोली, हे दोघं त्याच्या पुढे, हे पाच गोल मारायला. आणि उरलेल्या तिघांतला हा मधला म्हसू. म्हटलं, समोरून चेंडू आला की हा अडवायचा. मग कुणाला कधी द्यायचा, किती जोरात द्यायचा, हे हाच ठरवायचा. याच्यामुळे पुढच्यांना गोल मारता यायचा.

वहिनींनी खड्यांकडे पाहिलं. "म्हंजी दारं धरायचं काम," म्हणाल्या.

त्यांना वाटलं मला समजलं नाही. त्यांनी विहिरीकडे हात केला. दीर मोट हाकतात, पाणी पाटानं येतं. ते कोणत्या वाफ्याला किती सोडायचं, कधी माती ओढून बंद करायचं, ते बघायला एक माणूस खोरं घेऊन उभा लागतो. "सुट्टीला आले की दारं तेच धरायचे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यानं धरलं की एक वाफा बुडतो नि एक वाळतो. त्यांचा कधी वाळला न्हाई."

म्हसू, इतकंच होतं. ज्या बाईनं तुझी एकही मॅच पाहिली नाही, जिला अक्षर येत नाही, तिनं एका दमात सांगितलं ते माझ्या साऱ्या हकिगतींत नव्हतं.

"तुमाला दिसत हुतं का, मास्तर?" त्यांनी विचारलं. "ते काय करत्यात ते?"

मी हो म्हणालो.

"मग तुमी लिव्हलं का न्हाई?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दारातली लाकडं पावसात का राहिली, असं विचारावं तसं विचारलं. मी ओसरीवरचे खडे एकेक करून गोळा केले. मुंबईचे पेपर, संपादक, खप, गाव, दिनकर, सगळे तोंडाशी आले आणि तिथेच राहिले. तेवढ्यात बाळ रडायला लागलं. त्या त्याला घेऊन उठल्या, आत गेल्या, आणि आतूनच म्हणाल्या की जेवल्याबिगर जायाचं न्हाई.

मी जेवलो, म्हसू. ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. त्यांनी पुन्हा वाढलं तेव्हाही घेतलं. नको म्हणायला माझ्याकडे तोंड उरलं नव्हतं.